ओटा कुणाच्या मापाचा

आमच्या घरात स्वयंपाक भास्कर करतो. आज हे मी इतक्या सरळपणे सांगतेय, पण बावीस वर्षं ही गोष्ट आम्ही दोघं आणि आमचा केदार सोडून कुणालाही माहीत नव्हती. आणि तेवढ्यापायी एक साधं किचन नवं करताना माझ्या डोक्याचा जो भुगा झाला, तो माझा मलाच ठाऊक.

भास्कर माझा नवरा. मूळचा राजापूरकडचा, पावणेसहा फूट उंच, सिल्वासात भूमापनाच्या कचेरीत पस्तीस वर्षं काढून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. कचेरीत त्याचा चांगला दरारा होता. नकाशातली रेघ केसभर हलली तरी तो माणसाला पुन्हा शेतात पाठवायचा, मग तो ओळखीचा असो की वशिल्याचा. आणि हाच माणूस घरी आला की पुढच्या दाराला कडी लावणार, किचनच्या खिडकीचा पडदा ओढणार आणि कमरेला पंचा गुंडाळून घावणे घालणार. बेल वाजली की पंचा खुंटीवर आणि साहेब हॉलमध्ये, हातात पेपर. कालथा माझ्या हातात. मी कालथा धरून दार उघडायची आणि येणाऱ्या बाईला म्हणायची, या ना, आत्ताच तवा ठेवला होता.

हे सुरू झालं ते माझ्या बदलीमुळे. मी मराठी शाळेत शिकवते. केदार पहिलीत असताना मला लांबच्या सुरंगी गावच्या शाळेत टाकलं. सव्वासहाची बस चुकली की दिवस बोंबलला. मग भास्कर आधी नुसता चहा करू लागला, मग केदारचा डबा, मग भाजी, आणि सहा महिन्यांत मी किचनमधून बाहेर. मला त्याचं वाईट वगैरे काही वाटलं नाही. मला स्वयंपाकाचा लहानपणापासून कंटाळा आहे. त्याला मात्र हे सगळं मनापासून आवडतं. कुळीथ हाताने चोळून बघतो, कोकमं हुंगून घेतो, फोडणीत हिंग कधी पडला पाहिजे यावर पंधरा मिनिटं बोलू शकतो. बोलतो फक्त माझ्याशी.

मग सासूबाई राजापूरहून राहायला आल्या. त्यांच्या लेकाने भाकरी थापायची म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगण्यासारखं होतं. त्या उठायच्या आत भास्कर सगळं उरकायचा आणि त्या उठल्या की मी ओट्यापाशी उभी. त्याच वर्षी आम्ही हे घर घेतलं, आणि गवंड्याला सासूबाईंनीच बजावलं, ओटा सुनेच्या कोपराला आला पाहिजे. मी चार फूट दहा इंच. भास्कर शेजारी उभा होता, एक अक्षर बोलला नाही. त्या दिवसापासून तो त्या बुटक्या ओट्यावर वाकून दोन्ही वेळचा स्वयंपाक करतोय. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली, पण नाटक काही संपलं नाही. उलट वाढलं. हळदीकुंकवाला बायका माझ्या आमटीची तारीफ करायला लागल्या. इथल्या मराठी मंडळाच्या पाककृती स्पर्धेत मला फणसाच्या भाजीसाठी पहिलं बक्षीस मिळालं. स्टेजवर कृती सांगायला लावली, तेव्हा आदल्या दिवशी भास्करने माझ्याकडून ती पाठ करून घेतली होती, मी पोरांकडून पाढे करून घेते तशी. आणि खोटं कशाला बोलू, टाळ्या वाजल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर भास्करची कंबर धरली. सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीचा आधार लागायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढला आणि विचारलं, रोज वाकून काय काम करता? आमचे हरिश्चंद्र म्हणाले, बागकाम. आमच्या घरी कुंड्या तीन. त्यातली एक तुळस, एक कढीपत्ता आणि एक नुसती माती. डॉक्टरांनी बागकाम बंद करायला सांगितलं, आणि हेही सांगितलं की असंच वाकत राहिलात तर वर्षभरात तुम्हाला दहा मिनिटंही उभं राहता येणार नाही. मी तिथे खुर्चीवर बसले होते. माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी गिळलं. त्याची शिक्षा पुढे भोगली.

घरी आल्यावर तो म्हणाला, आपलं किचन फार जुनं झालंय नाही? खालच्या ट्रॉल्या फुगल्यात. नवं करून घेऊ. ओट्याबद्दल अवाक्षर नाही. मी म्हटलं, करू, पण या वेळी ओटा उंच घ्यायचा. तो म्हणाला, बघू.

त्या बघूने पुढचे तीन महिने माझा जीव खाल्ला.

आधी आम्ही वापीला एका मोठ्या शोरूममध्ये गेलो. तिथला सेल्समन जो काही बोलला तो माझ्याशीच बोलला. भास्करला त्याने बसायला खुर्ची आणि कोल्ड्रिंक दिलं. मॅडम, दारांना चकाकी ॲक्रिलिकची घेणार की पीयू रंगाची? मॅडम, हँडलवाले शटर की बिनहँडलचे? मॅडम, तुमचं मसाल्याचं पुलआऊट गॅसच्या डावीकडे हवं की उजवीकडे? मला काय माहीत? घरात मसाले कुठे असतात तेच मला माहीत नाही. आम्ही येताना गाडीत ठरवलं होतं की भास्कर एकदा खोकला तर नाही आणि दोनदा खोकला तर हो. मी म्हटलं, डावीकडे. भास्कर खोकला. मी म्हटलं, नाही, उजवीकडे. तो पुन्हा खोकला. आता हे दोनदा झालं की एकेकदा? सेल्समनने शेवटी ए.सी. कमी केला आणि साहेबांसाठी गरम पाणी मागवलं.

तिथून बाहेर पडल्यावर मी कडाडले. मी म्हटलं, तूच बोल ना बाबा, तुझं तोंड काय शिवलंय? तो म्हणाला, बिनहँडलचं नको, पिठाचा हात लागला की ते दार उघडायचंच नाही. आणि पांढरं चकचकीत तर मुळीच नको, हळदीचं एक बोट उमटलं की जन्मभर राहतं. मग हे आत का नाही सांगितलंस? तर म्हणे, पुरुषाने असलं बोललं की विचित्र दिसतं. मी गाडीचं दार जोरात आपटलं.

मग केदारचे फोटो सुरू झाले. तो पुण्यात असतो, आणि त्याचं म्हणणं एकच, आई, मधली भिंत पाडा, ओपन किचन करा, बाबांना स्वयंपाक करताना टीव्हीही दिसेल. भास्करने ते वाचून फोन असा बाजूला ठेवला की जणू त्यातून पाल निघाली. ओपन किचन म्हणजे हॉलमध्ये आलेल्या माणसाला सगळं दिसणार. काचेची शटर्सही त्याने नाकारली. का, तर डबे दिसतात. डबे दिसले तर काय होतं, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाला, डब्यांवर माझं अक्षर आहे. मी कपाळाला हात लावला.

शेवटी आम्ही चिंधा मिस्त्रींना बोलावलं. हे साक्रीकडचे, पंचवीस वर्षांपूर्वी कारखान्यात कामाला म्हणून आले आणि सुतारकीवरच टिकले. नरोलीला राहतात. आपल्या माणसांशी अहिराणी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि चिडले की गुजराती. त्यांनी हॉलमध्ये चादर अंथरून लाकडं मांडली. सागवानाचे दोन तुकडे, साधा प्लाय, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, दाबून केलेल्या भुशाची ती फळी जी शोरूमवाले गोडगोड नावाने विकतात, आणि दारांवर चिकटवायच्या मायक्याचे बावीस नमुने. म्हणाले, ताई, निवांत बघा, हात लावून बघा, आठ दिवसांनी सांगा.

आठ दिवसांत भास्करने त्या लाकडांचं जे केलं ते सरकारी प्रयोगशाळेत होत नसेल. सगळ्या तुकड्यांना नंबर घातले आणि बादलीत बुडवून ठेवले. दोन दिवसांनी काढून जाडी मोजली. भुशाची फळी पावासारखी फुगली, तेव्हा त्याला कोण आनंद. मायक्याच्या नमुन्यांवर त्याने एका ओळीत हळदीचं तेल, कोकमाचं आगळ आणि चिंचेचा कोळ लावला आणि गच्चीत वाळत घातले. त्यातले सतरा डागाळले. सागवान त्याने नखाने कोरलं, हुंगलं, कानाशी धरून वाजवलं. संध्याकाळी मला बसवून सांगायचा की चौकट सागाचीच हवी, सिंकखाली तर हवीच, पण दारं सागाची नकोत, जड होतात, रोज शंभर वेळा उघडायची असतात. बोलताना त्याचे डोळे नुसते चमकत होते. मी म्हटलं, हे सगळं चिंधाभाऊंना सांग. तो म्हणाला, तू सांग ना, मी लिहून देतो.

वरच्या मजल्यावरची धनश्री गच्चीत कपडे वाळत घालायला गेली होती. मुंबईची मुलगी, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली आहे, आणि मला सुगरण समजून माझ्या मागेमागे असते. तिने ते रंगवलेले नमुने बघितले आणि भास्करला विचारलं, काका, हे काय? काका हसले आणि म्हणाले, शैलाचं असतं काहीतरी, तिला डाग पडलेला खपत नाही. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. इतका राग आला मला. आठ दिवस राबला हा आणि त्याचंही श्रेय माझ्या पदरात टाकून मोकळा. धनश्री खाली येऊन म्हणाली, मावशी, तुम्ही ग्रेट आहात. मी म्हटलं, हो का.

त्याच दरम्यान एक दिवस कुकर उतरवताना तो कळवळला आणि ओट्याला धरून खालीच बसला. मी धावत गेले. घामाने चेहरा भिजला होता. तशातही त्याने मला आधी काय सांगितलं असेल? खिडकी लोटून घे. मी त्याला उठवलं, पलंगावर निजवलं, पाठ शेकली, आणि त्या दिवशी वरणभात मी केला. वरण खाली लागलं. त्याने पानातलं सगळं संपवलं. मी त्याला स्पष्ट विचारलं, ओट्याची उंची चिंधाभाऊंना कोण सांगणार? तो म्हणाला, तूच सांग की तुला उंच आवडतो. माझी उंची चार फूट दहा इंच, आणि मला ओटा उंच आवडतो. शेंबडं पोर तरी विश्वास ठेवेल का?

आठवा दिवस उजाडला. चिंधाभाऊ आले. धनश्रीही आली, तिला स्वतःच्या किचनसाठी मायका बघायचा होता. मी भास्करने दिलेला कागद वाचून दाखवला. सिंकखाली आणि चौकटीला साग, आतला सांगाडा मरीन प्लायचा, दारांना फिका तपकिरी खरखरीत मायका, नंबर चौदा. चिंधाभाऊंनी मान डोलावली. मग म्हणाले, लाकूड झालं, आता माप.

आता त्यांची एक पद्धत आहे. ओटा बांधतो गवंडी, पण उंची चिंधाभाऊ सांगतात, कारण खालची कपाटं त्यांची. आणि ती उंची ते टेपने घेत नाहीत. त्यांच्याजवळ एक सागाची पट्टी आहे. घरात जी बाई रांधते तिला ते जुन्या ओट्याशी उभं करतात आणि एक पोळी लाटायला लावतात. हात कुठून हलतो, खांदा उचलला जातो का, कंबर वाकते का, ते बघतात, मग पट्टी कोपराशी लावून पेन्सिलची खूण करतात. पुढचं सगळं त्या एका खुणेवरून. खालचे ड्रॉवर, वरची कपाटं, मसाल्याचं फडताळ, सगळं. लोक हसतात, पण त्यांच्या किचनमध्ये कुणाचा खांदा दुखत नाही, असं ते सांगतात.

कणीक सकाळी भास्करनेच मळून ठेवली होती. मी पोळपाट घेतला. धनश्री मोबाइल सरसावून उभी, म्हणे मावशींचा हात बघायचाय. मी लाटायला लागले. पहिली पोळी पोळपाटालाच चिकटली. दुसरी एका बाजूने पापड आणि दुसऱ्या बाजूने जाड भाकरी झाली. मी घामाघूम. धनश्रीने हळूच मोबाइल खाली घेतला. चिंधाभाऊ खाली बसून माझ्या कोपराकडे बघत होते, अगदी मन लावून.

ते उठले आणि भास्करला म्हणाले, "साहेब, ताई खांद्यातून जोर लावताहेत. म्हणजे हाच ओटा त्यांना उंच पडतो. नवा दोन बोटं अजून खाली घेऊ."

अजून दोन बोटं खाली. मी भास्करकडे बघितलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, डावा हात कमरेवर दाबून. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. मी थांबले. खरंच थांबले. तो म्हणाला, "तिला बरं पडेल तसं करा."

मी लाटणं ओट्यावर आपटलं. पोळपाट घसरून खाली पडला.

"चिंधाभाऊ, मला यातलं काहीही बरं पडत नाही," मी म्हटलं. "या घरात मोहरी कुठे असते ते मला विचाराल तर मला सांगता येणार नाही. बावीस वर्षं ओट्याशी हे उभे आहेत. तो नमुन्यांचा कागदही यांचा, फणसाची भाजीही यांची. त्यांचं माप घ्या."

धनश्री माझ्याकडे बघत होती, मग भास्करकडे, मग खाली पडलेल्या पोळपाटाकडे. भास्करचा चेहरा पार उतरला. मला वाटलं आता हा तरातरा बाहेर निघून जाईल. तो जवळ आला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "कशाला बोललीस, शैला? लोक तुला काय म्हणतील?"

मला. त्याला नाही, मला. इतकी वर्षं मी समजत होते की याला स्वतःची लाज वाटते, आणि त्या समजुतीवर मी त्याच्यावर चिडत आले, टोमणे मारत आले, शिवाय टाळ्याही घेत आले. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

"म्हणू देत," मी म्हटलं. "तू अंथरुणाला खिळलास तर लोक येणार आहेत का पाठ शेकायला?"

चिंधाभाऊंनी पोळपाट उचलला, खांद्यावरच्या टॉवेलने पुसला आणि ओट्यावर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, नवलही नव्हतं. पुढचं गिऱ्हाईक असावं तसं ते म्हणाले, "या साहेब. एक पोळी लाटा."

भास्करने धनश्रीकडे एकदा बघितलं. मग हात धुतले, खुंटीवरचा पंचा काढला आणि कमरेला गुंडाळला. कणकेचा गोळा त्याने न बघता तोडला, पीठ लावलं आणि लाटणं फिरायला लागलं, पोळी आपणहून पोळपाटावर गोल फिरत मोठी होत गेली. आणि लाटता लाटता तो बोलायला लागला. चिंधाभाऊंशी, मोठ्याने. हँडल लांब द्या, करंगळीने उघडता आलं पाहिजे. तेलाचा ड्रॉवर गॅसच्या उजवीकडे, त्याला आतून पत्रा मारा. पिठाचा डबा वर नको, खाली, चाकांवर. सिंकखालच्या सागाला पॉलिश नको, नुसतं अळशीचं तेल पाजा, दर दिवाळीला मी पुन्हा पाजेन. मी पाजेन, असं म्हणाला तो. चिंधाभाऊ एकेक ऐकून पेन्सिलीने लिहून घेत होते आणि मधेच म्हणाले, साहेब, तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी निम्मं काम उरकलं असतं. धनश्रीने विचारलं, काका, पोळी फुगत नाही तेव्हा काय चुकतं? त्याने तिलाही सांगितलं.

पोळी झाली. चिंधाभाऊंनी पट्टी त्याच्या कोपराशी लावली, डोळा बारीक करून बघितलं आणि पट्टी काढून घेतली.

"साहेब, सरळ उभे राहा."

"सरळच उभा आहे," भास्कर म्हणाला.

आम्ही तिघं त्याच्याकडे बघत होतो. तो ओट्याच्या दिशेने असा झुकलेला होता की मान खांद्यांत गेली होती, आणि त्याला ते कळतही नव्हतं. चिंधाभाऊंनी एक तळवा त्याच्या पाठीवर ठेवला, दुसरा छातीवर, आणि सावकाश त्याला मागे घेतलं. तो कण्हला. मी पुढे झाले, त्याचा हात धरला. हळूहळू कंबर वर आली, मग खांदे, मग मान. चिंधाभाऊंनी पट्टी लावून खूण केली. जुन्या ओट्यापासून सहा बोटं वर.

मी तशीच त्याचा हात धरून उभी होते. त्याच्याशी काहीतरी बोलायला म्हणून मी बघितलं, तर त्याचा चेहरा मला नेहमीच्या जागी दिसेना. मान बरीच वर करावी लागली.